ऐन हंगामात नऊ दिवस मेल परत गेल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ईमेल सेवा विभाग

महोदय,

आमची देवगडला हापूसची कलमं आहेत. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं पेट्यांची ऑर्डर आमच्या ईमेलवर देतात. यंदा एप्रिलमध्ये सलग ९ दिवस एकही मेल आला नाही. अढीतला आंबा तयार होत गेला आणि शेवटी २२ पेट्या दलालाला मिळेल त्या भावाने द्याव्या लागल्या.

तुमच्या हेल्पलाइनला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर: ‘स्पॅम फोल्डर बघा.’ फोल्डर रिकामा होता, आणि असणारच. मेल दारातूनच परत जात होते. हे कळलं ते एका जुन्या गिऱ्हाइकाने परत आलेल्या मेलचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तेव्हा. त्यात ५५० हा नकाराचा कोड, पुढे स्पॅम पाठवणाऱ्यांची काळी यादी ठेवणाऱ्या ‘स्पॅमहाउस’ या संस्थेचं नाव आणि ‘ओपन रिझॉल्व्हर’ हे शब्द.

माझा भाचा सर्व्हरचीच कामं करतो. त्याने फोटो पाहताच चूक दाखवली. पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) काळ्या यादीत आहे का, हे तुमचा सर्व्हर स्पॅमहाउसला विचारतो. पण ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत, म्हणजे इंटरनेटवरची नावं-पत्ते शोधून देणाऱ्या आणि सगळ्यांना खुल्या सर्व्हरमार्फत (हाच ‘ओपन रिझॉल्व्हर’) विचारलं, तर १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं. त्याचा अर्थ ‘या वाटेने विचारू नका’ एवढाच. तुमच्या फिल्टरने मात्र उत्तर आलं म्हणजे नाव यादीत आहे असं धरलं आणि सरसकट सगळ्यांना परत पाठवलं. खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. १२७.०.०.१ हा पत्ता यादीत कधीच नसतो. त्याच्या चौकशीलाही उत्तर आलं, तर दोष तुमच्याकडेच आहे.

फिल्टर बंद करा, असं मी म्हणत नाही. खोट्या बिलांचे मेल आम्हालाही येतात, फिल्टर हवाच. पण यादीची चौकशी तुमच्या स्वतःच्या रिझॉल्व्हरमधून करा, आणि १२७.२५५.२५५ ने सुरू होणारं उत्तर ‘यादीत आहे’ असं धरू नका.

९ दिवसांचे पैसे परत हवेतच. त्याआधी मला त्या दिवसांत नाकारलेल्या मेलच्या पत्त्यांची यादी द्या. ती तुमच्या लॉगमध्ये असेल. लॉग पुसला जाण्याआधी, आजच काढून ठेवा. झाडावर अजून मे महिन्याचं फळ आहे, आणि आम्ही उत्तरच दिलं नाही असं समजून बसलेल्या प्रत्येकाला मला स्वतः लिहायचं आहे.

आपला,
एक बागायतदार, देवगड