टॉर्चवरचा तळहात

पसरकार काका,

गावाचं नाव लिहीत नाही, तुमचंही नाही. तुम्हाला ते आवडणार नाही. मे महिन्यात धारबांदोडा तालुक्यातल्या तुमच्या दुकानाच्या भिंतीवर फिल्म दाखवायला ज्याने चादर टांगली होती, तो मी. त्या रात्री पावसाच्या धास्तीने वायरी गुंडाळून पळालो, धड आभारही मानले नाहीत.

त्याआधी शहरातल्या एका हॉलवाल्याने होकार दिला होता. दोन दिवस उरले असताना त्याला ‘वरून’ फोन आला आणि हॉलचं छप्पर अचानक गळायला लागलं. ऐन मे महिन्यात! 2020 च्या नोव्हेंबरात ज्यांच्याबरोबर रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध चांदरला रुळांवर रात्र काढली, त्यांतल्या एकाने फोनच उचलला नाही. दुसऱ्याने बदामाचं चिन्ह पाठवलं. हीच आम्ही मंडळी पणजीत इफ्फी चित्रपट महोत्सवाला रांगा लावून परदेशातल्या जंगलांवरचे सिनेमे बघतो आणि बाहेर येऊन चहाबरोबर हळहळतो. पणजीहून मोलेचं जंगल जेमतेम 60 किलोमीटर. असो.

तुम्ही मात्र सरळ विचारलंत, फिल्म कशावर? म्हटलं, मोलेच्या जंगलावर. 400 केव्हीची वीजवाहिनी, रेल्वेचं दुपदरीकरण, हायवेचं रुंदीकरण, सगळं अभयारण्यातून जाणारं. सुपारी कातरता कातरता तुम्ही म्हणालात, “वीज नाका जाल्यार तुमी फिल्म कितें पणटेर दाखयतले?” वीज नको, तर फिल्म काय पणटीवर दाखवणार?

मी हसलो. उत्तर सुचलं नव्हतं म्हणून हसलो. गोव्याची बरीचशी वीज छत्तीसगडमधल्या कोरब्यासारख्या लांबच्या, कोळशावरच्या केंद्रांतून येते, हे मी फिल्ममध्ये ठसक्यात सांगतो. पण संध्याकाळी व्होल्टेज पडून तुमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जळला, हे त्यात नाही. 2012 साली खाणी बंद पडल्या आणि हप्ते फिटायच्या आत तुमचा टिपर दारात गंजला, तेही नाही. नवी वाहिनी यायलाच हवी असं तुमचं म्हणणं, आणि ती नको म्हणणारे आम्ही शहरातले शहाणे. तरी भिंत दिलीत.

मग फिल्म मध्यावर आली आणि वीज गेली. मी तुमच्याकडे बघितलंही नाही. आता हा माणूस ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ म्हणणार, याची खात्रीच होती. तुम्ही काही न बोलता आत गेलात, आईच्या खोलीतला पंखा बंद केलात आणि इन्व्हर्टरची वायर खिडकीतून बाहेर सोडलीत. आजी पुठ्ठ्याने वारा घेत ओट्यावर येऊन बसल्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत.

पण मला सारखं आठवतं ते दुसरंच. दुकानाची ट्यूबही तुम्ही लावली नाहीत. गिऱ्हाईक आलं की मोबाइलचा टॉर्च, आणि त्यावर पालथा तळहात, उजेड चादरीवर पडू नये म्हणून. बोटांच्या फटींतून पडणाऱ्या तेवढ्याशा लाल उजेडात तुम्ही साखर जोखत होतात, सुटे पैसे मोजत होतात. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, तो भाग आला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही नाही वाजवल्यात. पण टॉर्चवरचा हातही काढला नाहीत.

रातोरात पक्ष बदलणारे आमदार बघायची आपल्या गोव्याला सवय आहे. मत तसूभर न बदलता दुसऱ्याच्या फिल्मसाठी आपलं दुकान काळोखात ठेवणारा माणूस मी तरी पहिल्यांदा पाहिला. भलेपणा म्हणजे आपल्या बाजूच्या माणसाने आपल्यासाठी केलेलं काम, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्या हिशेबाने तुम्ही कुठेच बसत नाही. वर पैसे पुढे केले तर रागावलात, आणि रागाने एक सोड्याची बाटली फोडून हातात दिलीत!

काका, ती फिल्म अर्धीच झालीय, हे त्या रात्री परतताना गाडीत कळलं. पाऊस ओसरला की कॅमेरा घेऊन येतो. दुकानातच बसू. टिपरपासून सुरुवात करा, मला शिव्या घालायच्या असतील तर त्याही घाला, कापणार नाही. वीज गेली तर काळजी नको, पणटी मी आणतो.

तुमचा,
चादरवाला