क्षमा म्हणजे ऋण सोडणे, पांघरूण घालणे नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गुड फ्रायडे जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत क्षमेवर प्रवचने होतात. ‘क्षमा करा’ एवढे सांगितले जाते. कशी करायची, ते बहुधा राहून जाते. मग बांधाचा, वाटणीचा, कमिटीतल्या हेव्यादाव्याचा वाद पुढच्या वर्षीही तसाच असतो.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ म्हणतो. शब्द हिशेबाचा आहे. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायातला प्रभूचा दाखलाही हिशेबाचाच. मूळ ग्रीकमध्ये राजा चाकराला दहा हजार तालांत सोडतो आणि तोच चाकर सोबत्याला शंभर दीनारांसाठी तुरुंगात टाकतो. दीनार म्हणजे मजुराचा एक रोज, तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. राजाने सोडले ६ कोटी रोज. वर्षाला ३०० दिवस राबूनही ते फेडायला २ लाख वर्षे लागली असती. पण प्रवचनात शंभर दीनारांना क्षुल्लक म्हणतात, ते चूक. मनरेगाच्या कायद्याने एका कुटुंबाला वर्षभरात जेवढ्या कामाची हमी दिली, तेवढे ते दिवस. तुमचे काही गेलेच नाही, असे प्रभू कुठेही म्हणत नाही.

म्हणून आधी आकडा मांडावा. काय झाले, कोणी केले, आपले काय गेले – पैसा, अब्रू, झोप – कागदावर लिहावे. ‘त्याने मला दुखावले’ एवढ्यावर भागत नाही. रक्कमच ठाऊक नसलेले कर्ज सोडणार कसे? मग कोणती वसुली सोडतो ते ठरवावे : सूड, चारचौघांत उणेदुणे, त्याचे वाटोळे होण्याची वाट पाहणे. ते देवापुढे मोठ्याने बोलावे. आठवड्याने राग पुन्हा उसळतो आणि माणूस समजतो, आपली क्षमा खोटी होती. तसे नाही. भावाला किती वेळा क्षमा करावी, असे विचारणाऱ्या पेत्र या शिष्याला प्रभूने सांगितलेले ‘सातांच्या सत्तर वेळा’ एकाच जखमेलाही लागू पडते. पूर्वी सावकार देणेकऱ्याच्या दारात धरणे धरून बसे. बसला असेपर्यंत त्यालाही घरी जाता येत नसे. त्या दारातून उठणे, हीच क्षमा करणाऱ्याची सुटका.

समोरच्याशी बोलण्याचा क्रमही त्याच अध्यायात, १५ ते १७ व्या वचनांत आहे : आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन, शेवटी मंडळीपुढे. आपल्याकडे सुरुवात व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते, मग कमिटी, आणि ज्याच्याबद्दल तक्रार त्याला शेवटी कळते!

सर्वांत मोठा घोळ क्षमा आणि समेट एक समजण्यात होतो. क्षमा एकट्याने करता येते, समेटाला दोघे लागतात आणि समोरच्याचा पश्चात्तापही (लूक १७:३). प्रेषित पौलही ‘शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके’ असेच म्हणतो (रोम १२:१८). मार खाणाऱ्या सुनेला ‘क्षमा कर आणि नांदायला जा’ सांगणाऱ्या पाळकांनी व वडीलधाऱ्यांनी हे वचन पुन्हा वाचावे. राग सोडूनही ती वेगळी राहू शकते, पोलिसांतही जाऊ शकते. मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर कमिटीत मिटवण्याचा प्रश्नच येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हाच गुन्हा.

क्षमा मागणाऱ्याचेही नुसत्या ‘सॉरी’वर भागत नाही. बायबलातल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत देण्याचे कबूल केले. कॅथलिक शिकवणुकीतही पापनिवेदनानंतर चोरलेले परत करावे लागते. भावाच्या शेतात बांध दोन हात सरकवलेला असेल, तर पुढच्या पेरणीआधी तो मागे न्यावा.

आपला,
मराठी मंडळीतील एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)