फतेमारीच्या तांडेलकाकांचे जाहीर आभार

ती. तांडेलकाका यांस,
सा. न. वि. वि.

पत्र नातीकडून वाचून घ्या. ‘माझा नाव नको’ असं तुम्ही बजावलंत म्हणून नाव घातलेलं नाही, पण फतेमारी, म्हणजे शिडाचं मालवाहू जहाज, चालवलेल्या तांडेलाचे आभार चारचौघांतच मानायचे आहेत.

मला मांडव्याच्या लाँचमध्येही बोट लागते, आणि तरी शाळेपासून मी एकोणिसाव्या शतकातल्या शिडाच्या जहाजांची पुस्तकं अधाशासारखी वाचत आले आहे. वादळ, बंड, तोफा, उपासमार, सगळं. फक्त दोर आणि शिडांची वर्णनं आली की पानं भराभर उलटायची. सिनेमातही तेच. जहाज दिसायचं देखणं, पण ते आत्ता का वळलं, हे काही कळायचं नाही.

विजयदुर्गला तुमच्या पडवीत लॅपटॉपवर ‘मास्टर अँड कमांडर’ लावला, तो तुमची करमणूक व्हावी म्हणून. २००३ सालचा सिनेमा, गोष्ट १८०५ सालची. इंग्रजी संवादांशी तुम्हाला काही देणंघेणं नव्हतं. तुम्ही बघत होतात ती शिडं. केप हॉर्नच्या वादळात डोलकाठी मोडते, खलाशी समुद्रात पडतो आणि त्या तुटक्या लाकडाकडे पोहत जायला बघतो, तिथे माझ्या डोळ्यांत पाणी, आणि तुम्ही खुर्चीतून उठून ओरडलात, “तोड मेल्या, दोर तोड! आडवा पडला काय भरला!” पुढच्याच मिनिटाला कप्तानानं कुऱ्हाड मागवली, दोर तोडले, आणि तो खलाशी मागे राहिला.

मग तुम्ही सिनेमा थांबवायला लावलात आणि समजावलंत. मोडलेली काठी दोरांना लटकून पाण्यात राहते, जहाजाला एका अंगानं ओढते, नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लाटेवर राहत नाही. मग लाट कुशीवर येते आणि सगळेच जातात. तो प्रसंग मी आधी कैकदा पाहिला होता. कप्तान निर्दय आहे की कर्तव्यकठोर, यावर वादही घातले होते. तुमच्या लेखी तो प्रश्नच नव्हता.

त्यानंतरचा तास मला आयुष्यभर पुरेल. अडकित्ता म्हणजे जहाज, विड्याचं पान म्हणजे शीड, आणि वारा टेबलफॅनचा. पान आडवं धरून दाखवलंत की फ्रिगेटची, म्हणजे सिनेमातल्या त्या युद्धनौकेची, शिडं अशी चौकोनी, आडव्या परबाणांवर, म्हणजे शीड बांधायच्या दांड्यांवर. मागून वारा असला की तिचा हात कोण धरणार? पण वारा समोरून आला की नागमोडी जायचं, आणि तेही वाऱ्यापासून बरंच बाजूला राहून. मग पान तिरकं केलंत. ही आपली फतेमारी. ती वाऱ्याच्या जास्त जवळ जाते, पण वळताना लांबलचक परबाण काठीच्या पलीकडे न्यायचं असतं, म्हणून वारा पाठीवर घेऊन वळायचं. मंगलोरी कौलं भरून मुंबईला जाताना हे रात्री, पावसात कसं करायचात तेही सांगितलंत. सिनेमावाल्यांना तोफांचं फार कौतुक. ही कामं मात्र ते दोन सेकंदांत उरकतात.

‘त्रिंकोमाली’चा फोटो दाखवला तेव्हा तुमचा पहिला प्रश्न, “लाकूड खंयचा?” सागवान, काका. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली ३८ तोफांची फ्रिगेट, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. नेपोलियनशी चाललेलं ज्या युद्धासाठी ती मागवली, ते तोवर संपूनही गेलं होतं! आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, अजून पाण्यावर. ओकच्या लाकडात लोखंडी खिळे गंजतात, सागातल्या तेलामुळे टिकतात, असं मी पुस्तकात वाचलेलं सांगायला लागले, तर तुम्ही मान हलवलीत, जणू पाढे म्हणून दाखवतेय.

आता तीच जुनी पुस्तकं पुन्हा काढली आहेत, आणि दोरांची पानं आधी वाचते. कप्तानाच्या प्रेमप्रकरणाची उलटते.

शेवटची लढाई सुरू झाली तेव्हा तुम्हाला झोप लागली होती, तेवढा सिनेमा राहिला आहे. मे महिन्यात येते. येताना मोठा स्पीकर आणीन, तुम्ही फक्त काकूंची परवानगी काढून ठेवा. मागच्या वेळी जेवणं थंड झाली म्हणून त्या आपल्या दोघांवरही रागावल्या होत्या.

आपली,
बोट लागणारी वाचक