पार्किंगमधल्या गाड्यांवरचे पांढरे डाग: सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य

विषय: पोडियमच्या (पार्किंगवरच्या बागेच्या) स्लॅबमधून ठिबकणारं पाणी आणि गाड्यांच्या रंगाचं नुकसान

अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार.

पार्किंगमधल्या गळतीमुळे गाडीवर डाग पडत असतील तर सभासदांनी स्वखर्चाने कव्हर घालावं, अशी सूचना गेल्या आठवड्यात नोटीस बोर्डावर लागली. ती समितीने मागे घ्यावी, ही माझी पहिली विनंती. चाकणच्या एका मोटार कारखान्यात पेंट शॉपमध्ये माझी नोकरी झाली. गाडीचा रंग कसा चढतो आणि कशाने जातो, हे रोज डोळ्यांसमोर होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वरच्या बागेचं पाणी स्लॅबच्या भेगेतून खाली येतं, ते साधं पाणी राहत नाही. काँक्रीटमधला मोकळा चुना ते सोबत घेऊन येतं. चुन्याच्या निवळीचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणजे हात बराच वेळ ओला राहिला तर कातडी सोलवटेल इतकं ते दाहक. असा थेंब गाडीच्या टपावर पडतो, वाळतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याची खडी (खडूसारखा पांढरा थर) बनते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुढचा थेंब. बी विंगच्या जिन्यालगत एक्सपान्शन जॉइंट (स्लॅबच्या दोन भागांमधली मोकळी सोडलेली फट) आहे, तिथे मान वर करून पाहा. स्लॅबला बोटभर लांबीचे पांढरे सुळे लोंबताहेत. तेच द्रव्य खाली गाड्यांवर साचतं.

आता गाडीच्या रंगाकडे येतो. पत्र्यावर आधी गंजरोधक ईडी कोट असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे चारही थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक. चकाकी त्याची, उन्हापासून राखणही त्याचीच. चुन्याचं पाणी आधी या थरावर हल्ला करतं.

डाग ताजा असेल तर भरपूर पाण्याने निघून जातो. वाळला असेल तर व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी मिसळून कापड भिजवावं आणि डागावर काही मिनिटं ठेवावं. खडी विरघळते, मग साध्या पाण्याने स्वच्छ धुवावं. हे सावलीत आणि पत्रा थंड असताना करायचं. नखाने किंवा ब्लेडने खरवडायचं मुळीच नाही. इतकं करूनही कडा असलेला गोल ठसा दिसत राहिला, तर क्लिअर कोट कोरला गेला आहे असं समजावं. मग जाणकाराकडून मशीनने रबिंग आणि पॉलिश करून घ्यावं लागतं. पण रबिंग म्हणजे ठशाच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून सपाट करणं. दर वेळी काही मायक्रॉन कायमचे जातात. गळती चालू ठेवून दर दोन-तीन महिन्यांनी रबिंग केलं, तर गाडी चकाकता चकाकता उघडी पडेल.

ए विंगमधल्या काकूंच्या चंदेरी गाडीचं तेच झालं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो. टपावर तळहाताएवढ्या भागात क्लिअर कोट पांढुरका होऊन पापुद्रे सुटले आहेत. बोट फिरवलं तर कडा नखाला लागते. तिथे आता कुठलंच पॉलिश चालणार नाही. पापुद्रे सुटलेला भाग घट्ट थरापर्यंत घासायचा, वॉटर पेपरने कडा बेमालूम करायच्या, बेस कोट मारायचा आणि मग अख्ख्या टपावर हार्डनर मिसळलेला टू-के क्लिअर. नुसत्या ठिगळावर क्लिअर मारला तर जोडाची कड वर्षा-दोन वर्षांत पुन्हा उठते. चंदेरी मेटॅलिक रंग जुळवणं त्याहून अवघड, कारण त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे कण फवाऱ्याच्या दाबाप्रमाणे आडवे-तिरपे बसतात आणि छटा बदलते. त्यासाठी रंग शेजारच्या भागावरही हलका उतरवत न्यावा लागतो.

इतकं करूनही कारखान्याचा रंग परत येत नाही. तिथे क्लिअर कोट सुमारे 140 अंशांच्या भट्टीत भाजला जातो. गॅरेजच्या बूथमध्ये तयार गाडीला 60 अंशांच्या आसपासच तापवतात, कारण आत वायरिंग, प्लास्टिक, रबर, सगळं बसलेलं असतं. म्हणून मूळ रंग वाचवता येईल तितका वाचवावा, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. काकूंनी ती गाडी निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून घेतली आहे. "कव्हर घाला" हे उत्तर त्यांना देणं मला पटत नाही.

कव्हरने उलट नुकसान होतं. आपल्याकडे धूळ किती, ते आपण जाणताच. धुळीच्या गाडीवर कव्हर ओढलं की ते कापड पॉलिश पेपरचं काम करतं. त्यात चुन्याचं पाणी झिरपलं, तर ओलं कापड तासन् तास रंगाला चिकटून राहतं. उघड्या टपावर थेंब निदान वाळतो तरी.

विम्याचा मुद्दा मागच्या सभेत निघाला होता. गाडीच्या विम्यात हळूहळू होणारी झीज धरत नाहीत, आणि क्लेम मंजूर झालाच तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. पाच वर्षं क्लेम न करणाऱ्याला तो 50 टक्क्यांपर्यंत मिळतो. डागांसाठी तो कोण घालवेल?

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. हाउसकीपिंगच्या मुलाने चांगल्या मनाने दोन गाड्यांचे डाग हिरव्या घासणीने घासले. एका गाडीवर तर बाथरूमच्या फरशीसाठी आणलेलं अ‍ॅसिड वापरलं. अ‍ॅसिडने चुना फसफसून निघतो हे खरं, पण ते फटींत शिरून क्रोम आणि उघडा पत्रा खातं. घासणीचे गोल गोल चरे तर बॉनेटवर ट्यूबलाइटच्या उजेडात लांबून दिसतात. त्या मुलाला बोलू नये, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी त्याला आणि गाड्या धुणाऱ्या सर्वांना रविवारी सकाळी अर्धा तास दाखवून देईन. दोन बादल्या (एक साबणाची, एक कापड खंगाळायची), मायक्रोफायबरचं कापड आणि कोरड्या फडक्याने धूळ झटकायची नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ फरक पडेल.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिलं ते. एक्सपान्शन जॉइंटपासून तिसऱ्या खांबाजवळच्या पांढऱ्या ओघळांना आता तांबूस कड आली आहे. तो गंज आहे. पाणी सळईपर्यंत पोचलं. काँक्रीटमधल्या चुन्यामुळेच सळई गंजापासून सुरक्षित असते, आणि तोच चुना थेंबाथेंबाने आपल्या गाड्यांवर उतरतो आहे. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढलप्यांनी सुटतं. त्या खांबाजवळ संध्याकाळी मुलं सायकली फिरवतात. गाडीचा टप पुन्हा रंगवता येईल, पण स्लॅबचा ढलपा कुणाच्या डोक्यात पडला तर काय करणार?

आपल्या इमारतीला 15 वर्षं होऊन गेली. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) दर 5 वर्षांनी व्हायला हवं. ते या वर्षी करून घ्यावं आणि त्यात पोडियमची तपासणी स्वतंत्रपणे मागावी. सामाईक भागातली गळती काढणं हे उपविधींनुसार संस्थेचंच काम आहे, त्यामुळे खर्च दुरुस्ती व देखभाल निधीतून करता येईल.

त्याआधी बिनखर्चाचं एक काम आहे. बागेचं पाणी चार दिवस बंद ठेवून ठिबक थांबते का, ते पाहावं. थांबली तर बागेची लाइन किंवा मातीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं असणार. चालूच राहिली तर पाण्याच्या नळाची लाइन तपासावी. बागेतली पावसाळी पाण्याची तोंडं पाल्याने आणि मुळांनी बुजली आहेत, ती माळीकाकांकडून लगेच मोकळी करून घ्यावीत. मग पाणी साठवून चाचणी, आणि जॉइंट उघडून जुनं कडक झालेलं सीलंट काढून नवीन भरणं. खालून भेगेत रसायनाचं इंजेक्शन मारून गळती बंद करू, असं एखादा कंत्राटदार म्हणेल. ते स्वस्त पडतं, पण वरून पाणी येतच राहिलं तर ते शेजारच्या भेगेतून वाट काढतं. हे काम मे अखेरपर्यंत उरकायला हवं, पाऊस सुरू झाला की जॉइंट कोरडा मिळणार नाही.

तोवर जॉइंटखाली पत्र्याची पन्हाळ बसवून पाणी बाजूच्या गटारात सोडावं. फॅब्रिकेटरचं एका दिवसाचं काम आहे. त्याखालच्या गाड्यांना व्हिजिटर पार्किंगमध्ये तात्पुरती जागा द्यावी.

खर्चाबद्दल माझं मत स्पष्ट लिहितो. ज्यांनी लेखी तक्रार दिली होती आणि तरीही गळती चालू राहिली, त्यांच्या गाड्यांच्या पॉलिशचा खर्च संस्थेने द्यावा. काकूंच्या टपाच्या रंगकामाचा विषय सर्वसाधारण सभेत ठेवावा. आपण सगळे पार्किंग शुल्क भरतो. माझी गाडी सी विंगकडे लागते, तिच्यावर एकही डाग नाही, तेव्हा यात माझा वैयक्तिक लाभ काही नाही.

दिवाळीआधी इमारत बाहेरून रंगवायची आहे, त्या कंत्राटातही गाड्या झाकण्याची आणि उडालेल्या रंगाच्या भरपाईची अट आत्ताच घालावी.

स्लॅबचे आणि डागांचे फोटो तारखांसह सोबत जोडले आहेत. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि मला बोलवावं. रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन येईन. ज्यांना आपल्या गाडीचा क्लिअर कोट कितपत शिल्लक आहे याचा अंदाज हवा असेल, त्यांनी बैठकीनंतर पार्किंगमध्ये थांबावं.

कळावे,
आपला,
बी विंगमधील एक सभासद

सोबत: फोटो, आधीच्या लेखी तक्रारींच्या प्रती