सर्किट निवडताना आधी ट्रान्सफॉर्मर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांवर चालणारे, गिटार अँप्लिफायर घरी जुळवणाऱ्या तरुणांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. हातात सोल्डरिंग आयर्न घेतलेली मुलं बघून बरं वाटलं. मात्र ज्या वादकाचा आवाज आवडतो त्याच्याच अँप्लिफायरचं सर्किट निवडावं, हा त्यातला सल्ला काही पटला नाही. शिवाय शेजारी छापलेल्या सर्किटच्या नकाशाबद्दल तर लिहायलाच हवं.

मी सांगलीत आयुष्यभर रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि मांडवातले अँप्लिफायर दुरुस्त केले. दुकान आता मुलगा बघतो, मी मागच्या टेबलावर व्हॉल्व्ह घेऊन बसतो. गिटार वाजवणारी पोरं येतात आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “काका, मार्शल करू या.”

त्यांना मी मार्शल या इंग्लिश अँप्लिफायरचीच गोष्ट सांगतो. १९६२ च्या सुमारास लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी तिथे फेंडर या अमेरिकन कंपनीच्या ‘बेसमन’ अँप्लिफायरचं, म्हणजे ५एफ६-ए या नकाशाचं, सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उचललं. सुटे भाग मात्र इंग्लंडच्या बाजारात मिळाले ते लावले. ट्रान्सफॉर्मर रेडिओस्पेअर्सचे, पहिल्या जागी १२एवाय७ व्हॉल्व्हऐवजी ईसीसी८३, पुढे आउटपुटला केटी६६, आणि उघड्या पाठीच्या खोक्यातल्या चार दहा इंची स्पीकरऐवजी बंद खोक्यात सेलेस्टियनचे बारा इंची. एवढ्यानं आवाज बदलला आणि जेटीएम४५ जन्माला आला. ज्यांच्या नावासाठी पोरं जीव टाकतात, त्यांनीसुद्धा हाताशी होतं तेच वापरलं.

आपल्या हाताशी काय आहे? २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. इथेच बहुतेकांची गाडी अडते. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिथला जुना ट्रान्सफॉर्मर कोणी नातेवाईक घेऊन येतो आणि मुलगा स्टेपडाउन लावून खूश होतो. स्टेपडाउननं व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ बदलत नाहीत. ६० हर्ट्झच्या हिशेबानं काटकसरीनं बांधलेल्या कोअरमध्ये, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यात, ५० हर्ट्झवर वीस टक्के जास्त चुंबकीय प्रवाह होतो. मग तो गुरगुरतो, तापतो आणि एक दिवस वास सोडतो. विकत घ्यायचाच तर त्यावर ५० हर्ट्झ लिहिलेलं आहे का ते बघून घ्यावा. नाहीतर गावातल्या, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे जावं.

माझी शिफारस आहे फेंडरच्या ‘चॅम्प’ची, नकाशा ५एफ१. तीनच व्हॉल्व्ह : १२एएक्स७, ६व्ही६ आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३. साधारण ५ वॉट. आवाजाचं एकच बटण. वाइंडिंगवाल्याला सांगायचं : सेकंडरीला, म्हणजे बाहेर देणाऱ्या बाजूला, ३२५-०-३२५ व्होल्ट, ७० मिलिअँपिअर. व्हॉल्व्ह तापवायला ६.३ व्होल्ट २ अँपिअर. रेक्टिफायर तापवायला ५ व्होल्ट २ अँपिअर. आणि प्रायमरीला, म्हणजे मेन्सच्या बाजूला, २३० व्होल्टबरोबर २५० चाही टॅप, म्हणजे वेगळी जोडणी. हा टॅप चैन नाही. आमच्याकडे रात्री मीटर २४५ दाखवतो, आणि चॅम्पमधलं ६व्ही६ मुळातच गरम चालतं. त्याच्या कॅथोडला लावलेल्या ४७० ओहमच्या रेझिस्टरवर १९ व्होल्ट आले की ४० मिलिअँपिअर वाहतात, आणि प्लेटवर साडेतीनशेच्या आसपास व्होल्टेज असतं. गुणाकार करून बघा. जुन्या डेटाशीटमधली, व्हॉल्व्हला सोसणारी १२ वॉटची मर्यादा तिथेच ओलांडली जाते.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर सांगताना दोन गोष्टी विसरू नयेत. एक, प्रायमरी ५ हजार ओहम आणि सेकंडरी आपल्या स्पीकरइतकी. मूळ चॅम्पचा स्पीकर आठ इंची आणि कमी ओहमचा होता, आज बाजारात बहुधा ८ ओहमचा मिळतो. दुसरी जास्त महत्त्वाची. एकट्या व्हॉल्व्हचा डीसी करंट त्या वाइंडिंगमधून सतत वाहतो, म्हणून कोअरला फट लागते. ई आणि आय पट्ट्या एकाआड एक घालायच्या नाहीत. सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागद. वाइंडिंगवाला सवयीनं एकाआड एक भरतो. मग कोअर चुंबकत्वानं आधीच भरून जातो, खर्जाचे सूर फाटतात, आणि मुलगा बिचारा कंडेन्सर बदलत बसतो. पुण्याच्या जुन्या बाजारात ईएल८४ व्हॉल्व्हवर चालणारा एखादा मेलेला रेडिओ मिळाला तर त्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर इथे चालून जातो. खर्ज थोडा कमी भरतो, पण शिकायला ठीक आहे.

पाच वॉट म्हणजे खेळणं, असं मुलांना वाटतं. पाच आणि पंधरा वॉटमध्ये कानाला फरक जेमतेम ५ डेसिबलचा. व्हॉल्व्हचा तो रसरशीत फाटका आवाज अँप्लिफायर ताणला तरच येतो. बेसमन फ्लॅटमध्ये लावला तर बटण दोनच्या पुढे जाण्याआधी सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहतील, आणि हवा तो आवाज ऐकायला मिळणारच नाही. त्यात बेसमनला बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा ते ठरवणारं व्होल्टेज, वेगळा बसवावा लागतो. चॅम्पमध्ये तो कॅथोडच्या रेझिस्टरवर आपोआप बसतो.

ड्रमवाल्याबरोबर वाजवायचं असेल तर फेंडरचाच ‘डीलक्स’, नकाशा ५ई३. दोन ६व्ही६, बारा-पंधरा वॉट, निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा अंश मागे फिरवून आवाज स्वच्छ करणारी जोडणी, नाही. त्याची दोन व्हॉल्यूमची बटणं एकमेकांत गुंतलेली असतात, ज्यात गिटार लावलेली नाही ते फिरवलं तरी आवाज बदलतो. मला ही खोड फार आवडते. जाड पिकअपची गिटार असेल तर खर्ज चिखल होतो, तिथे ०.१ मायक्रोफॅरडच्या कपलिंग कंडेन्सरऐवजी ०.०२२ लावावेत.

कोणाच्या खणात बीईएलचे, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, ईएल८४ पडले असतील तर व्हॉक्स एसी१५ या अँप्लिफायरचा मोह होईल. पण तिथला ईएफ८६ व्हॉल्व्ह स्पीकरच्याच खोक्यात हादरे खाऊन खणखणतो. त्यापेक्षा मार्शलचं १८ वॉटचं सर्किट बरं.

आता नकाशाबद्दल. आपण छापलेल्या बेसमनच्या नकाशात ग्राउंड स्विचपासून चॅसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जाणारा ०.०५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जसाच्या तसा आहे. तो दोन पिनांच्या, ११७ व्होल्टच्या जमान्यातला. आपल्या २३० व्होल्टवर त्यातून साडेतीन मिलिअँपिअर गळतात आणि तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांवर थेट फेज येते. तो आणि तो स्विच दोन्ही काढून टाकावेत, तीन पिनांचा प्लग लावावा आणि अर्थिंगची तार चॅसिसला वेगळ्या बोल्टनं घट्ट बांधावी. ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचवणारी सर्किटं तर हातातच घेऊ नयेत. यूसीएल८२, यूवाय८५ व्हॉल्व्हवाले, चॅसिस थेट मेन्सला जोडलेले एसी/डीसी रेडिओ ज्यांनी उघडले आहेत त्यांना त्या चॅसिसचा झटका आठवत असेल. रेडिओला निदान लाकडी पेटी होती, गिटार तर अंगाला लागून असते.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर, म्हणजे अँप्लिफायरकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत, ६० वॉटचा बल्ब लावावा, स्पीकर जोडल्याशिवाय बटण दाबू नये, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरवर व्होल्टेज राहतं, ते रेझिस्टरनं उतरवून मीटरनं तपासूनच आत हात घालावा.

तेव्हा येत्या रविवारी तो नकाशा दुरुस्त करून पुन्हा छापावा, ही विनंती. लेख वाचून सामान आणायला गेलेली मुलं तोपर्यंत पॉवर स्विचपर्यंत पोचलेली असतील.

आपला,
एक जुना रेडिओ मेकॅनिक, सांगली