वृद्धाश्रमातल्या औषधांवर पूर्ण नाव हवं, तारीखही हवी

मा. संपादक,
स. न.

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. बहुतेक औषधांच्या वेष्टनावर मात्र २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा, असं छापलेलं असतं. त्यामुळे खान्देशातल्या वृद्धाश्रमांनी पत्र्याखालच्या खोलीतलं औषधांचं कपाट उन्हाळ्याआधीच हलवावं. कूलरसमोरही ते नको. त्या दमट हवेत सुट्या गोळ्या ओल धरतात. ऊन न लागणाऱ्या भिंतीशी कुलूपबंद कपाट आणि आत थर्मामीटर, एवढं पुरतं.

सर्वांत जपायचं ते इन्सुलिन. न उघडलेली बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत ठेवावी. दारात ठेवली तर दर उघडझापीला तापते, बर्फाच्या कप्प्याला टेकली तर गोठते. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यावं. उघडलेल्या बाटलीवर त्याच क्षणी तारीख लिहावी आणि साधारण २८ दिवसांनी ती बाद करावी. सिरिंजही तपासा: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनला लाल टोपणाची, १०० युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं तर अडीचपट डोस जातो आणि साखर एकदम घसरते.

आता नावांचं. 'पाटील आजी' एवढंच लिहिलेलं पाकीट आपल्याकडे धोक्याचं, कारण एकाच आश्रमात तीन-तीन पाटील आजी सापडतील. पती किंवा वडिलांसह पूर्ण नाव, खोली क्रमांक, फोटो, औषध, मिलिग्रॅम, वेळ आणि सुरू केल्याची तारीख, हे सगळं लेबलावर हवं. स्ट्रिप कात्रीने कापून डबीत भरू नये. मुदतीची तारीख एका टोकाला असते. तो तुकडा गेला की उरलेल्या गोळ्यांची मुदत कळायला मार्ग नाही. संधिवाताची मेथोट्रेक्सेट गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज दिली तर रक्तपेशी घटतात, जीवावर बेततं. म्हणून तिच्या पाकिटावर वार ठळक अक्षरांत लिहावा.

झोपेच्या गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवाव्यात, आणि पाळी बदलताना दोघांनी मिळून त्या मोजाव्यात.

कोणी वारलं किंवा घरी गेलं, की त्यांची औषधं त्याच दिवशी कपाटातून काढावीत. 'कोणाच्या तरी कामी येतील' म्हणून ती एका डब्यात टाकतात, आणि बिननावाच्या गोळ्या तिथूनच पुढे दुसऱ्याच्या हातात जातात.

— एक औषधनिर्माता, जळगाव