साहेबाचं नाव की खात्याचं?

दारव्हा, जि. यवतमाळ
तान्हा पोळा

प्रिय गड्या,

संदर्भसूचीत लेखक म्हणून साहेबाचं नाव टाकायचं की खात्याचं, असं काल फोनवर तू विचारलंस आणि नेमकी लाइन गेली, मागोमाग टॉवरही. म्हणून आता कागदावरच सांगतो.

सिंचन अनुशेषावरचा, म्हणजे मागास भागात राहून गेलेल्या सिंचनावरचा तुझा पेपर वाचला. मजकूर झकास, पण संदर्भसूची पाहून कपाळावर हात मारला. शासन निर्णयाचे, म्हणजे जीआरचे, लेखक म्हणून उपसचिवांचं नाव? काऊन बे? जीआरच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं लिहिलेलं असते, ते कधी वाचलं नाहीस वाटतं. घटनेच्या कलम 166 प्रमाणे सरकारचा कारभार राज्यपालांच्या नावानं चालतो. खालची उपसचिवांची सही फक्त कागद खरा असल्याची खूण. म्हणून लेखक ना राज्यपाल, ना उपसचिव. विभागाचं नाव टाक, मग तारीख, विषय आणि क्रमांक. जीआरवर छापलेला संकेतांकही दे, वाचकाला जीआर त्यावरून लगेच सापडतो.

हसत नाही तुला, मीही माती खाल्ली आहे. एका कचेरीत साहेबांशी तासभर बोललो आणि त्यांचं नाव थेट सूचीत घातलं. पेपर परत आला. संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीच्या सातव्या आवृत्तीनुसार असं बोलणं म्हणजे वैयक्तिक संवाद: मजकुरात नाव आणि तारीख द्यायची, सूचीत नाही, कारण वाचकाला ते कुठं जाऊन तपासता येत नाही. बरं, साहेब स्वतःचं मत सांगत होते की कार्यालयाचं, हे मी विचारलंच नव्हतं. तोवर त्यांची बदलीही झाली.

महाराष्ट्रातल्या प्रादेशिक असमतोलावरच्या 1984 च्या अहवालाला आपण सगळेच दांडेकर समितीचा म्हणतो. मजकुरात खुशाल तसं म्हण, पण सूचीत समितीचं पूर्ण अधिकृत नाव हवं. रसेलचं उलटं. ते सरकारी अधिकारीच, पण मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या 1916 च्या खंडांवर त्यांचं नाव छापलेलं आहे, रायबहादूर हिरालाल यांचंही. तिथं माणूसच लेखक.

आणि नियोजन आयोगाचा 2006 चा अहवाल नीती आयोगाच्या नावावर कसा चढवलास? नियोजन आयोगाच्या जागी आलेला नीती आयोग जन्मला 1 जानेवारी 2015 ला! अहवालावर जे नाव, तेच लिही.

दुरुस्त करून पाठव, पुन्हा वाचतो. पोरं लाकडी बैल घेऊन दारात उभी आहेत, बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसा, द्यायला उठतो.

तुझाच,
होस्टेलचा पार्टनर